नोकरीसाठी मुंबईत येताय? समुद्राजवळच्या उपनगरात भाड्याचं घर घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत बदली झाली किंवा नवी नोकरी लागली, की नागपूर, सोलापूर, नाशिकहून येणाऱ्या अनेकांच्या मनात येतं की मुंबईत राहायचंच आहे, तर समुद्राजवळ राहू. इच्छा चांगली आहे आणि ती पुरीही होते. मात्र वांद्र्यापासून अर्नाळ्यापर्यंतचा किनारा एकसारखा नाही. भाडं, पाणी, स्टेशनची वाट आणि पावसाळा, सगळं जागोजागी बदलतं. पश्चिम उपनगरात वर्षानुवर्षं राहिल्यामुळे नातेवाईक, मित्रांची मुलं, ऑफिसात नव्याने आलेली मंडळी मला जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे दिली आहेत.

आधी काय ठरवायचं, उपनगर की घर?

दोन्ही नाही. आधी ऑफिसचा पत्ता. नेमणूकपत्रावर पुष्कळदा मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो आणि बसायची जागा शहराच्या दुसऱ्याच टोकाला निघते. म्हणून एचआरला फोन करून इमारतीचं नाव विचारा, आठवड्यातून किती दिवस यायचं आणि शिफ्ट कोणती तेही विचारा. मग त्या इमारतीला जवळचं स्टेशन कोणतं आणि ते पश्चिम, मध्य, हार्बर यांपैकी कोणत्या मार्गावर की मेट्रोवर, ते पाहा.

मुंबईचा खुला समुद्र लाभलेली उपनगरं पश्चिम रेल्वेच्या पश्चिम अंगाला आहेत. इथे उत्तर-दक्षिण प्रवास गर्दीचा असला तरी वेगाने होतो, पूर्व-पश्चिम प्रवास मात्र रस्त्याने फार रखडतो. ऑफिस मुलुंड, विक्रोळी किंवा ठाण्याला असेल आणि घर जुहूला, तर अंतर नकाशावर थोडं दिसेल, पण रोजची संध्याकाळ वाहतूक कोंडीत जाईल. दारापासून दारापर्यंत एक तासाच्या आत बसेल तेच घर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा जास्त प्रवास करणाऱ्याला समुद्र फक्त रविवारी दिसतो, आणि रविवारी समुद्र बघायला कुठूनही येता येतं.

कुठल्या ऑफिससाठी कुठलं उपनगर?

ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) असेल तर वांद्रे, खार, सांताक्रूझ पश्चिम हे सरळ उत्तर. पण उपनगरांतली सगळ्यात चढी भाडीही इथेच. वांद्रे स्टेशनच्या पूर्वेकडून शेअर रिक्षा आणि बस मिळतात. बजेट बसत नसेल तर वर्सोवा-सात बंगल्याचा विचार करा. वर्सोवा ते घाटकोपर ही ‘मेट्रो १’ जून २०१४ पासून चालू आहे. तिने मरोळ नाक्याला उतरायचं आणि तिथून भुयारी मेट्रो ३ पकडायची. ही ‘मेट्रो ३’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली.

त्यामुळे फोर्ट आणि नरिमन पॉइंटचं गणितही बदललं आहे. पूर्वी चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे चालत किंवा शेअर टॅक्सी, एवढाच मार्ग होता. आता मरोळ नाक्याहून हुतात्मा चौक किंवा विधान भवन स्थानकापर्यंत गाडी न बदलता जाता येतं. लोकल अजूनही स्वस्त आणि सवय झाली की वेगवान. अंधेरीहून चर्चगेट फास्ट लोकलने साधारण ३५-४० मिनिटांत येतं. पण पहिल्यांदाच मुंबईत येणाऱ्याला सकाळी नऊच्या लोकलमध्ये चढायची भीती वाटत असेल तर मेट्रोजवळचं घर घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

अंधेरी पूर्वेचं एमआयडीसी, सीप्झ, चकाला इथे ऑफिस असेल तर वर्सोव्यासारखी दुसरी सोय नाही. मालाड पश्चिमेचं माइंडस्पेस किंवा गोरेगावचा परिसर असेल तर मालाडचा मार्वे रोड, कांदिवलीचं चारकोप, बोरिवलीची गोराई वसाहत पाहा. दहिसर पूर्व ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो २ए जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावते आहे आणि हा सगळा पट्टा तिने जोडलेला आहे.

आणि ऑफिस ऐरोली, महापे, घणसोलीला असेल तर पश्चिम उपनगराचा मोह सोडा. नवी मुंबईत खाडीकाठी राहा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जाहिरातीत ‘गोराई’ लिहिलंय आणि भाडंही कमी आहे. घ्यावं का?

कोणती गोराई ते आधी विचारा. बोरिवली पश्चिमेला म्हाडाची मोठी वसाहत आहे, तिलाही गोराई म्हणतात, आणि जाहिराती बहुतेक तिथल्याच असतात. राहायला चांगली, दुकानं-शाळा-बस सगळं आहे, पण तिथून समुद्र दिसत नाही. समोर खाडी आणि खारफुटी आहे. समुद्रकिनारा असलेलं गोराई गाव खाडीपलीकडे आहे. तिथे फेरीबोटीने जायचं, नाहीतर भाईंदर-उत्तनकडून लांबचा वळसा घालायचा.

‘वर्सोवा’चंही असंच आहे. वर्सोवा मेट्रो स्थानक सात बंगल्यापाशी आहे. यारी रोडच्या टोकाला किंवा वर्सोवा गावात घर घेतलं तर ‘मेट्रोजवळ’ या शब्दावर विसंबू नका, रोज रिक्षा लागेल. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. जाता-येता, महिन्याच्या कामाच्या दिवसांनी गुणून ते घरभाड्यात मिळवा आणि मग दोन घरांची तुलना करा.

वांद्रे, जुहू, वर्सोवा यांत फरक काय?

भाड्याची उतरंड अशी: वांद्रे पश्चिम, खार आणि जुहू सगळ्यात वर. त्याखाली लोखंडवाला, सात बंगला, वर्सोवा. मग मालाड-मार्वे, चारकोप, बोरिवली. आणि सगळ्यात खाली भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार. वांद्र्यात वन आरकेला जेवढं मोजाल तेवढ्यात वसईत ऐसपैस टू बीएचके मिळतो.

वांद्र्याचा किनारा खडकाळ आहे. कार्टर रोडला आणि बँडस्टँडला फिरायला छान वाटतं, पण वाळूत पाय बुडवायचे तर जुहूच. रनवार, चिंबईसारख्या जुन्या गावठाणांत कधी कधी परवडणारी छोटी घरं निघतात; गल्ल्या अरुंद, गाडी ठेवायला जागा नाही, पण शेजार जिवंत. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेचा आठवडाभर त्या भागात वाहनाने शिरणं अवघड होतं, हे ध्यानात असू द्या.

जुहूला विमानांचा आवाज आहे. पार्ले-सांताक्रूझच्या धावपट्टीची ही बाजू असल्याने काही इमारतींवरून विमानं अगदी खालून जातात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याने घर बघताना अर्धा तास तिथे बसून कान द्यावा. शिवाय जुहूचा किनारा साऱ्या शहराचा आहे: शनिवार-रविवारची गर्दी, आणि गणपतीत दीड दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंतच्या विसर्जनांना रस्ते बंद.

वर्सोव्यात सिनेमा-मालिकांत काम करणारी तरुण मंडळी खूप, त्यामुळे एकट्या राहणाऱ्यांना घर मिळणं त्यातल्या त्यात सोपं. मला स्वतःला नोकरदार माणसासाठी हाच भाग जास्त पटतो. मेट्रो आहे, कोळीवाड्यात ताजी मासळी आहे आणि भाडं वांद्र्याइतकं अंगावर येत नाही.

मढ, मनोरी, उत्तन इथे राहून रोज नोकरीला जाता येईल का?

आठवड्यातून दोन दिवसच ऑफिस असेल तर विचार करा. रोज असेल तर नको.

मढ आणि वर्सोवा यांच्यामध्ये फक्त एक खाडी आहे, फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडता येते, दुचाकीही बोटीवर चढवतात. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की ही फेरी काही महिने बंद राहते. मग मालाडवरून रस्त्याने वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. मालाड स्टेशनहून मढला बेस्टची २७१ नंबरची बस जाते. रविवारी अक्सा बीचच्या गर्दीत ती किती वेळ घेईल सांगता येत नाही. मनोरीलाही मार्वेहून फेरीच. उत्तन मिरा-भाईंदर महापालिकेत येतं आणि स्टेशन म्हणजे भाईंदर, बसने गाठायचं.

गावं मात्र सुंदर आहेत. कोळी आणि ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची) वस्ती, जुनी चर्चं, ताडामाडाच्या वाड्या. घरून काम करणाऱ्याने इंटरनेटची केबल घरापर्यंत आलेली आहे का आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, एवढं पाहून खुशाल राहावं.

वसई-विरार स्वस्त आहे. तिथून जाणं-येणं झेपेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जण विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो.

चर्चगेट ते विरार अंतर सुमारे ६० किलोमीटर. फास्ट लोकलने जवळपास दीड तास. ऑफिस अंधेरी किंवा बोरिवलीपर्यंत असेल तर वसई झेपते. चर्चगेटला असेल तर पहिले तीन महिने उत्साहात जातात आणि नंतर माणूस थकतो. वसई रोड आणि विरार यांत मी विरार सुचवेन, कारण गाड्या तिथून सुटतात आणि सकाळी बसायला मिळण्याची शक्यता असते. नालासोपाऱ्याला गाडी भरूनच येते. येताना एक पथ्य पाळा: बोरिवलीला किंवा त्याआधी उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नका. दारातली गर्दी तुम्हाला उतरू देत नाही, आणि यावरून रोज भांडणं होतात.

स्टेशनपासून समुद्र लांब आहे. वसईतलं सुरूची बाग, भुईगाव, नालासोपाऱ्याकडचे कळंब आणि राजोडी, विरारचं अर्नाळा, सगळीकडे स्टेशनवरून बस किंवा शेअर रिक्षा. पश्चिमेच्या गावांत अजून केळीच्या बागा, फुलशेती, विहिरी आहेत, आणि वाडवळी, सामवेदी बोलणारी जुनी कुटुंबं आहेत. त्या गावांतल्या बंगल्यांत वरचा मजला भाड्याने मिळतो. कुटुंबासाठी हे घर मुंबईतल्या कोणत्याही खुराड्यापेक्षा चांगलं.

दोन गोष्टी तपासल्याशिवाय मात्र डिपॉझिट देऊ नका. पहिली पाणी. महापालिकेचं नळाचं पाणी येतं की टँकर, आणि टँकरचे पैसे कोण भरतं, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा, एजंटला नाही. दुसरी पूर. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं आणि लोकल बंद पडल्या. मिठागरांच्या आणि सखल शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या वसाहतींना तेव्हा सगळ्यात जास्त फटका बसला. पत्ता बघून तळमजला टाळा.

फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट चालू आहे. दुचाकी घेऊन जाणाऱ्याला महामार्गाचा वळसा वाचतो.

नवी मुंबईत समुद्र आहे का?

खाडी आहे. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर इथून ठाण्याची आणि पनवेलची खाडी दिसते, वाळूचा किनारा नाही. त्याबदल्यात रुंद रस्ते, खारफुटी, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर रोहित पक्षी. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण असल्यामुळे नेरूळ-बेलापूरला पाण्याची तक्रार कमी. खारघर, उलवे त्या महापालिकेत नाहीत. तिथे उन्हाळ्यात पाणी कसं येतं ते शेजाऱ्यांना जरूर विचारा. उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे जेएनपीटी बंदराकडे नोकरी असणाऱ्यांना बेलापूरला राहणं सोयीचं. ऐरोली-महापेसाठी नेरूळहून ट्रान्सहार्बर लोकल.

पावसाळ्यात पाणी भरतं का, हे उन्हाळ्यात कसं ओळखायचं?

मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर येते, मग पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असं जुळून आलं की सखल भाग तुंबतात. हे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यानंतर इर्ला, गझदरबंध अशा ठिकाणी पाणी उपसण्याची केंद्रं उभी राहिली. जुहू, पार्ले, सांताक्रूझ, खारच्या पश्चिमेला त्यांचा उपयोग होतो. तरी मिलन सबवे, अंधेरी सबवे आणि मालाड सबवे दर वर्षी बंद पडतातच. तुमची स्टेशनची वाट यांपैकी एखाद्यातून जात असेल तर घर कोरडं असूनही तुम्ही अडकाल. भुयारी मेट्रोही पूर्ण निर्धोक समजू नका. २६ मे २०२५ ला पहिल्याच मोठ्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं.

आता ओळखायचं कसं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर मळकट रेघ आहे का? दुकानांच्या दारात फूटभर उंचीचा कट्टा बांधलाय का? विजेचे मीटर नव्याने वर चढवलेत का? लिफ्टचा आणि पंपाचा खड्डा कुठे आहे? आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, “जुलैत माल कुठे ठेवता?” त्याचं उत्तर कोणत्याही एजंटच्या उत्तरापेक्षा खरं असतं. तळमजल्याचं घर समुद्राजवळ, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. दुसऱ्या मजल्यापासून पुढे बघा.

खाऱ्या हवेचा त्रास खरंच होतो का?

होतो, आणि भाडेकरूच्या खिशालाच होतो. गच्चीतल्या सायकलची साखळी एका पावसाळ्यात गंजते. खिडकीचे ग्रील, फ्रिजची मागची बाजू, गॅस शेगडीचे बर्नर, सगळ्यांवर परिणाम. सगळ्यात महाग पडतो तो एसी: बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या वाऱ्याने खराब होते, गॅस गळतो आणि दर उन्हाळ्यात मेकॅनिक. घरात मालकाचा एसी असेल तर दुरुस्ती कोणी करायची, हे करारात लिहून घ्या. तोंडी बोलणं मे महिन्यात कोणाला आठवत नाही.

ओल हा वेगळाच विषय. नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतींवर पाऊस आपटवतो. समुद्राकडे तोंड असलेली खोली म्हणून ज्या खोलीसाठी जास्त भाडं मागतात, तीच पावसाळ्यात सर्वात ओली राहते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरपर्यंत वारा नोंदला गेला होता. अशा वेळी सैल सरकत्या काचा दाद देत नाहीत, पाणी सरळ पलंगावर येतं. घर बघताना त्या भिंतीला लागून असलेलं कपाट उघडून आत वास घ्या. कोपऱ्यात नवा रंग आणि बाकी भिंत जुनी असेल तर बुरशी झाकली आहे असं समजा. माझ्या मते भाड्याच्या घरात समुद्राकडे बाल्कनी असावी, झोपायची खोली मात्र दुसऱ्या बाजूला.

जुन्या इमारतीत स्लॅबखालच्या सळ्या गंजून प्लास्टर फुगतं. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं मुंबईत बंधनकारक आहे. ते झालंय का विचारा. त्याच वेळी हेही विचारा: सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे का? खार, सांताक्रूझ, पार्ल्यात हे सर्रास चाललं आहे. मालकाला बिल्डरकडून नवं घर मिळतं. भाडेकरूला मिळते घर सोडायची नोटीस.

कोळीवाड्याजवळ मासळीचा वास फार येतो का?

पावसाळा संपला की वर्सोवा, मढ, उत्तनला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात आणि वारा तुमच्याकडे असेल तर वास घरात येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा येत नाही. पावसाळ्यात घर बघणाऱ्यांची इथे फसगत होते. तुम्हाला सोसणार नसेल तर कोळीवाड्यापासून थोडं आत घर घ्या. पण कोळी तिथे तुमच्या-माझ्या आधीपासून आहेत. नव्याने राहायला जाऊन वाळवणीविरुद्ध तक्रारी करणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

भाडेकरार कसा करायचा? नोंदणी खरंच लागते?

लागतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. करार नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे मालकाला नीट सांगितलं की बरेच मालक नोंदणीला तयार होतात.

खर्च थोडा असतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण फक्त भाड्यावर नाही: करारातलं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं ४०,००० आणि डिपॉझिट १,५०,०००, मुदत ११ महिने. भाडं ४,४०,०००, व्याज १३,७५०, बेरीज ४,५३,७५०. शुल्क साधारण साडेअकराशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर; एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. ही रक्कम आधी विचारून घ्या आणि मालकाबरोबर निम्मी-निम्मी वाटून घ्या, ही इथली रीत आहे.

करारात भाडेवाढ किती टक्के, लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ) किती महिने, दोन्ही बाजूंची नोटीस किती, रंगाचे पैसे कोणाचे, मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे का, हे सगळं असावं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ नुसार दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, म्हणून नूतनीकरण मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच बोला.

डिपॉझिट आणि ब्रोकरेज किती?

डिपॉझिट दोन ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात, वांद्रे-जुहूला वरच्या टोकाकडे. घासाघीस होते. ब्रोकरेज साधारण एक महिन्याचं भाडं. करार वाढवताना पुन्हा ब्रोकरेज मागणारे एजंट असतात. पहिल्याच भेटीत ‘रिन्यूअलला काय?’ हे विचारा. घर बघण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला, किंवा मालक परदेशात आहे, आधी टोकन पाठवा म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. डिपॉझिट फक्त बँकेतून, आणि ज्याचं नाव मालमत्तेच्या कागदावर आहे त्याच्याच खात्यात.

एकट्याला, किंवा मांसाहारी असल्यास घर नाकारतात असं ऐकलंय.

काही सोसायट्यांत असं होतं, आणि त्याचं दुःख वाटतं. कायदेशीर भांडण करत बसण्याइतका वेळ बदली होऊन आलेल्या माणसाकडे नसतो, म्हणून व्यवहाराचं सांगतो: एजंटला पहिल्याच फोनवर तुम्ही एकटे आहात, काय खाता, पाहुणे येतात का, हे स्पष्ट सांगा, म्हणजे नकाराची घरं बघण्यात शनिवार जाणार नाही. वर्सोवा, वांद्र्याची गावठाणं, वसईची गावं इथे अडचण कमी येते. ऑफिसचं ओळखपत्र, नेमणूकपत्र, आधार आणि पॅन जवळ ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे, ऑनलाइन होतं. ते झालं की पावती मागून घ्या. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाचं देणं आहे. ‘सोसायटीचे वेगळे’ म्हणून तुमच्याकडून वसूल होत असेल तर हिशेब दाखवा म्हणा.

कराचं काही बघावं लागतं का?

महिन्याचं भाडं ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर भाडेकरूलाच भाड्यातून २ टक्के कर (टीडीएस) कापून भरावा लागतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तेव्हा करार करण्याआधी सीएला विचारा. घरभाडे भत्त्याची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो द्यायला मालक का-कू करत असेल तर ते करारावर सही करण्याआधीच कळलेलं बरं.

दुचाकी किंवा गाडी आणावी का?

उपनगरातल्या उपनगरात दुचाकी उपयोगी आहे. पण वांद्रे-वरळी सागरी सेतू, मरीन ड्राइव्हपर्यंतचा कोस्टल रोड आणि अटल सेतू, तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. चारचाकी असेल तर वांद्र्याहून दक्षिण मुंबई कोस्टल रोडमुळे खूप जवळ आली आहे. पार्किंग करारात नंबरासकट लिहून घ्या, आणि शक्यतो छताखालचं. उघड्यावर खारा वारा गाडीचा पत्रा खातो. रिक्षा माहीम-सायनच्या दक्षिणेला जात नाहीत, तिथून पुढे टॅक्सी.

घर बघायला कधी यावं?

कामाच्या दिवशी, सकाळी आठला. घर पाहून झालं की खाली उतरा आणि तिथून थेट ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन दाखवा, अगदी डबा-बॅग घेऊन रोज जाल तसे. परत संध्याकाळी सातला उलटा प्रवास. दोन घरांत मन अडकलं असेल तर यानंतर ते राहत नाही. जमलं तर भरतीची वेळ पाहून किनाऱ्यावरही एक चक्कर मारा. पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याला डांबराचे काळे चिकट गोळे आणि निळ्या विषारी जेलीफिश वाहून येतात. लहान मुलं असतील तर तेवढे महिने त्यांना पाण्यात सोडता येत नाही.

वेळ कमी असेल तर पहिला महिना कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये किंवा पीजीत काढा. गावी बसून, फोटो बघून अकरा महिन्यांचं घर ठरवणं टाळा.

अकरा महिन्यांआधी पुन्हा बदली झाली तर?

म्हणूनच लॉक-इन तीन किंवा फार तर सहा महिन्यांचं ठेवा आणि नोटीस एक महिन्याची. बदलीची नोकरी असेल तर ‘बदलीचं पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू नाही’ असं वाक्य करारात घालायला सांगा. बरेच मालक ऐकतात. राहायला जाताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा, एसीचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, विशेषतः गंजलेल्या ग्रीलचे आणि ओल आलेल्या कोपऱ्यांचे, कारण सोडताना डिपॉझिट याच दोन गोष्टींवरून कापतात. विजेचं शेवटचं बिल भरून त्याची प्रत ठेवा. आणि किल्ली हातात द्यायची ती डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावर.